पावती कुठे अडली, हे टेस्टमध्येच कळायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन भरणा अडकला, दाखला डाउनलोड झाला नाही, प्रवेशअर्जाचे पान शेवटच्या दिवशी नुसते गोल गोल फिरत राहिले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेला खुलासा असतो: ‘तांत्रिक अडचण’. फार तर ‘सर्व्हर डाऊन’. त्यातून वाचकाला काही कळत नाही, आणि खुलासा करणाऱ्यालाही पुष्कळदा त्याहून जास्त ठाऊक नसते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे ज्यांचा दिवस अशाच प्रणाली लिहिण्यात आणि तपासण्यात जातो त्यांच्यासाठी, आणि अशा कामांच्या निविदा ज्यांच्या हातून निघतात त्यांच्यासाठी हे पत्र आहे. प्रणाली चालताना स्वतःच्या कामाची जी नोंद मागे ठेवते तिला ट्रेस म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या प्रणालीत, तो गोळा करण्यावर भरपूर खर्च होतो. पण तो धड लिहिला जातो का, हे कोडमधल्या टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, फारसे कुणी बघत नाही; उलट टेस्ट चालवताना ‘उगाच वेळ जातो’ म्हणून ट्रेसिंग बंदच ठेवले जाते. मग ऐन गोंधळात नोंद उघडावी, तर नेमके हवे तेच पान कोरे.

कचेरीत एकदा तरी फाइलच्या मागे फिरलेल्या माणसाला ट्रेस समजावून सांगावा लागत नाही. अर्ज आवक खिडकीवर येतो, त्याच्यावर क्रमांक पडतो. पुढे ज्या ज्या टेबलावर तो जातो तिथे कधी आला, कुणाकडून आला, शेरा काय आणि कधी पुढे गेला, हे लिहिले जाते. ट्रेस-आयडी म्हणजे तो आवक क्रमांक: १६ बाइटचा, म्हणजे ३२ हेक्स (०-९ आणि a-f) अंकी. एकेका टेबलावरची नोंद म्हणजे स्पॅन. त्याला स्वतःचा ८ बाइटचा आयडी, पॅरेंट स्पॅनचा (ज्याने हे काम सोपवले त्याचा) आयडी, नॅनोसेकंदांतली सुरुवात आणि शेवट, नाव, प्रकार, ॲट्रिब्यूट (जोडलेले तपशील) आणि स्टेटस (ठीक की चूक) असते. एका सेवेतून दुसरीकडे विनंती जाते तेव्हा हा क्रमांक ‘ट्रेसपेरेंट’ नावाच्या हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीच्या ओळीतून, जातो. हेडरचे चार भाग: आवृत्ती ००, ट्रेस-आयडी, पाठवणाऱ्या स्पॅनचा आयडी आणि शेवटी दोन अंकी फ्लॅग. या शेवटच्या दोन अंकांकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

यात नवलाईचे काही उरलेले नाही. गूगलने डॅपर या आपल्या अंतर्गत ट्रेसिंग प्रणालीवरचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध केला, ट्विटरने २०१२ मध्ये झिपकिन हे ट्रेसिंगचे साधन खुले केले, २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे खुले प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री हा ट्रेस लिहिण्याचा खुला साधनसंच झाला आणि २०२० मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने हेडरचे स्वरूप पक्के केले. साधने खुली आहेत, फुकट आहेत. तेव्हा पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही.

आता टेस्टमध्ये ट्रेस गोळा कसा करायचा. वर्तमानपत्रात कोड छापायची सोय नाही, म्हणून शब्दांतच सांगतो. ओपनटेलिमेट्रीत तीन भाग एकापुढे एक जोडलेले असतात: स्पॅन तयार करणारा ट्रेसर प्रोव्हायडर, त्याला लावलेला, संपलेले स्पॅन पुढे ढकलणारा स्पॅन प्रोसेसर आणि शेवटी ते बाहेर देणारा एक्स्पोर्टर. प्रॉडक्शनमध्ये एक्स्पोर्टर हे स्पॅन नेटवर्कवरून कलेक्टर या गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. टेस्टमध्ये फक्त शेवटचा डबा बदलायचा आणि तिथे इन-मेमरी एक्स्पोर्टर लावायचा. स्पॅन संपला की तो एका यादीत जाऊन बसतो आणि टेस्ट ती यादी वाचते. पायथन, जावास्क्रिप्ट आणि जावाच्या एसडीकेत (लायब्ररी-संचात) हा एक्स्पोर्टर तयार मिळतो. गोमध्ये तो ट्रेसटेस्ट पॅकेजात आहे. जावात जेयुनिट ५ साठी वेगळे एक्स्टेन्शन आहे, ते जोडणी आणि साफसफाई दोन्ही करते. डॉटनेटमध्ये आपण दिलेल्या यादीत स्पॅन टाकणारा एक्स्पोर्टर मिळतो. पण तिथे ऐकणारा लिसनरच जोडला नसेल तर स्पॅन सुरू करणारी मेथड नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करते, आणि पुढच्या ओळीत त्या नलवर ॲट्रिब्यूट लावायला गेलेला कोड आपटतो. हा बग ट्रेसिंग बंद असलेल्या मशीनवरच दिसतो. म्हणून निदान एक टेस्ट मुद्दाम लिसनरशिवाय चालवावी.

पहिली चूक इथेच होते. प्रॉडक्शनची मांडणी जशीच्या तशी टेस्टमध्ये आणली जाते आणि बॅच प्रोसेसर तसाच राहतो. तो स्पॅन साठवून ठेवतो: डीफॉल्ट दर ५ सेकंदांनी, एका वेळी जास्तीत जास्त ५१२, आणि रांगेची मर्यादा २०४८. टेस्ट २०० मिलिसेकंदांत संपते, यादी रिकामी दिसते. मग कुणीतरी मध्ये ६ सेकंदांचा स्लीप (थांबा) घालतो. चारशे टेस्ट असल्या तर बिल्ड, म्हणजे कोड जोडून तपासण्याची फेरी, ४० मिनिटांनी लांबतो, आणि आठवड्याभरात ‘ट्रेसच्या टेस्ट फार स्लो आहेत’ म्हणून त्या काढून टाकल्या जातात. उपाय एका ओळीचा आहे: टेस्टमध्ये सिंपल प्रोसेसर लावा, तो स्पॅन संपताक्षणी एक्स्पोर्टरला देतो. काही कारणाने बॅचच ठेवायचा असेल, तर यादी वाचण्याआधी फोर्स फ्लश बोलवा, म्हणजे साठलेले स्पॅन लगेच बाहेर येतात.

सिंपल प्रोसेसर लावूनही कधीकधी सर्व्हरचा स्पॅन यादीत नसतो, टेस्ट दहातून एकदा फेल होते, आणि ‘फ्लेकी’ (बेभरवशाची) असा शिक्का मारून तिला बाजूला ठेवले जाते. कारण साधे आहे. क्लायंटला, म्हणजे हाक मारणाऱ्याला, उत्तराचे बाइट मिळतात त्या क्षणी सर्व्हरचा स्पॅन संपलेला असतोच असे नाही. उत्तर पाठवून झाल्यावर तो बंद होतो. इथे ठरावीक वेळ झोपण्यापेक्षा दर १० मिलिसेकंदांनी यादी पाहावी, आणि २ सेकंदांत अपेक्षित स्पॅन आला नाही तर फेल करावे. आणि जो स्पॅन कितीही थांबले तरी येत नाही, तो बहुधा कुणी बंदच केलेला नसतो: मधल्या एखाद्या फांदीतून फंक्शन लवकर परतले आणि ‘एंड’ची ओळ राहून गेली. प्रॉडक्शनमध्ये असा स्पॅन निमूटपणे गायब असतो. त्याची मुले, म्हणजे त्याच्याखालचे स्पॅन, मात्र येतात, आणि त्यांचा पॅरेंट कुठेच सापडत नाही.

दुसरी अडचण ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला सामाईक असलेल्या, प्रोव्हायडरची. पायथनमध्ये तो एका प्रक्रियेत एकदाच ठरवता येतो. दुसऱ्यांदा ठरवायला गेलात तर नुसती सूचना छापली जाते आणि पहिलाच चालू राहतो. म्हणून पहिली टेस्ट-फाइल पास होते आणि दुसरीतली यादी रिकामी येते, कारण स्पॅन पहिल्या फाइलच्या एक्स्पोर्टरकडे जात असतात. जावा निदान अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा) फेकून ओरडते तरी. प्रोव्हायडर संपूर्ण टेस्ट सत्रासाठी एकदाच तयार करावा आणि प्रत्येक टेस्टआधी यादी रिकामी करावी. आधी, नंतर नव्हे. नंतर केली तर फेल झालेल्या टेस्टचा पुरावाच पुसला जातो. टेस्ट फेल झाली की तिच्या काळात जमलेले सगळे स्पॅन झाडाच्या आकारात, पॅरेंटखाली मूल अशा इंडेंटने छापायची सोय करून ठेवावी. वीस-पंचवीस ओळींचे काम आहे, आणि डीबगर लावायची वेळ निम्म्याहून कमी येते.

टेस्ट एकाच प्रक्रियेत समांतर चालत असतील तर सगळ्यांचे स्पॅन एका यादीत मिसळतात. तिथे प्रत्येक टेस्टने स्वतःचा एक रूट (सर्वांत वरचा) स्पॅन उघडावा आणि शेवटी त्याच्या ट्रेस-आयडीने यादी गाळावी. याची दुसरी बाजू पुढे सांगतो, कारण हीच गाळणी एक मोठा दोष झाकते.

आता ते दोन अंक. फ्लॅग ०१ म्हणजे ‘हा ट्रेस नोंदवला जातो आहे’, ०० म्हणजे नाही. ओपनटेलिमेट्रीचा डीफॉल्ट सॅम्पलर, म्हणजे कोणता ट्रेस नोंदवायचा हे ठरवणारा भाग, पॅरेंटचे ऐकतो. टेस्टमध्ये कुणी नमुन्याचे हेडर कॉपी करून आणले आणि त्याच्या शेवटी ०० असेल, तर सेवा एकही स्पॅन नोंदवणार नाही, आणि तीन माणसे दुपारभर एक्स्पोर्टर तपासत बसतील. ट्रेस-आयडीच्या जागी ३२ शून्ये टाकली तर तो अवैध ठरतो आणि सेवा नवाच ट्रेस सुरू करते. तेव्हा ‘पॅरेंट जुळत नाही’ असे दिसते. टेस्टसाठी सॅम्पलर ‘नेहमी चालू’ ठेवावा आणि हेडर हाताने न लिहिता प्रोपगेटरकडूनच, म्हणजे हेडर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाकडूनच, तयार करून घ्यावे.

तपासायचे काय, हा खरा प्रश्न. समजा एक मिळकतकर भरणा सेवा आहे. उदाहरण काल्पनिक आहे, कुठल्याही प्रत्यक्ष प्रणालीबद्दल ते काही सांगत नाही. नागरिक ‘भरा’ दाबतो. सेवा डेटाबेसमधून थकबाकी वाचते, पेमेंट गेटवेला बोलावते, पैसे जमा झाल्यावर ‘पावती तयार करा’ असा निरोप रांगेत टाकते, दुसरी सेवा तो उचलून पीडीएफ बनवते आणि एसएमएस पाठवते. नेहमीची टेस्ट काय पाहते? उत्तर २०० (म्हणजे ‘सगळे ठीक’) आले, डेटाबेसच्या टेबलात एक ओळ वाढली. पैसे कापले जाऊन पावती न येण्याचा प्रकार या टेस्टला दिसूच शकत नाही, कारण तो पुढच्या दोन पायऱ्यांवर घडतो.

ट्रेस हातात असेल तर विचारता येते: गेटवेला गेलेले क्लायंट प्रकारचे स्पॅन किती? एकच हवा. आता नकली गेटवे असा लावा, की पहिल्या हाकेला तो टाइमआउटपलीकडे ताटकळत ठेवेल आणि दुसऱ्या हाकेला होकार देईल. यादीत दोन क्लायंट स्पॅन हवेत, पहिल्याचे स्टेटस ‘एरर’, दुसऱ्याचे तसे नाही, दोन्हींवर व्यवहार क्रमांकाचे ॲट्रिब्यूट एकच, आणि पावतीचा स्पॅन एकच. क्रमांक वेगळे निघाले तर गेटवेच्या दृष्टीने ते दोन व्यवहार आहेत आणि नागरिकाचे पैसे दोनदा जाणार. उत्तराचा कोड आणि टेबलातली ओळ पाहून हे कधीच सापडत नाही. दोन्ही वेळा ती तशीच हिरवी दिसतात.

डेटाबेसच्या हाकांसाठी संख्येवर बोट ठेवू नका, वाढीवर ठेवा. एका नागरिकाच्या नावावर ३ मिळकती टाकून टेस्ट चालवा आणि डेटाबेस स्पॅन मोजा. मग ३० टाकून मोजा. आकडा तोच आला पाहिजे. ४ चे ३१ झाले तर यादीसाठी एक आणि प्रत्येक मिळकतीसाठी एक अशा क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) चालल्या आहेत. ऑफिसातल्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर त्या ३१ क्वेरी कळतही नाहीत. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी त्याच डेटाबेसचे कंबरडे मोडतात. ‘बरोबर ४ च क्वेरी’ असे असर्ट (टेस्टमधली अट) मात्र लिहू नये, उद्या एक योग्य क्वेरी वाढली तरी बिल्ड लाल होईल.

स्टेटसबाबत एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. सर्व्हर स्पॅनवर ४०० ते ४९९ मधला कोड आला तर स्टेटस ‘अनसेट’च (न ठरवलेले) राहायचे असते, कारण चूक मागणाऱ्याची आहे. तेच उत्तर क्लायंट स्पॅनवर ‘एरर’ असते. दोन्हींसाठी एकच असर्ट लिहिणारा इथे हमखास अडखळतो. खरा घात मात्र गिळलेल्या अपवादाचा. कोड अपवाद पकडतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि पुढे जातो. स्पॅन निष्कलंक दिसतो, डॅशबोर्डवर सगळे हिरवे. पीडीएफ बनवणारा भाग मुद्दाम मोडून टेस्ट चालवावी आणि त्या स्पॅनवर ‘एरर’ आणि अपवादाचा इव्हेंट (स्पॅनवरची छोटी नोंद) दोन्ही आहेत का, ते पाहावे. अपवादाची नोंद केली म्हणून स्टेटस आपोआप बदलते असे समजू नये. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये त्या दोन वेगळ्या ओळी असतात.

वेळ तपासू नका. बिल्डची मशीन इतरांबरोबर वाटून घेतलेली असतात; आज ८० मिलिसेकंद लागले, उद्या ४०० लागतील. यादीतला क्रमही गृहीत धरू नका: स्पॅन संपण्याच्या क्रमाने येतात, म्हणून मुले आधी आणि रूट सहसा शेवटी. नाते पाहायचे ते पॅरेंट-आयडीवरून. आणि स्पॅनच्या नावात मिळकत क्रमांक आला की तिथेच टेस्ट फेल करा. नावात मार्गाचा साचा असावा, क्रमांक ॲट्रिब्यूटमध्ये. नाहीतर लाखभर मिळकतींची लाखभर नावे होतात आणि शोध निकामी ठरतो.

आता ट्रेसचा धागा मध्येच तुटण्याबद्दल, कारण प्रत्यक्षात नोंद सर्वाधिक इथेच हरवते. चालू स्पॅन कोणता, हे थ्रेडशी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र कामओघाशी, किंवा असिंक संदर्भाशी बांधलेले असते. काम थ्रेड पूलकडे (तयार थ्रेडच्या ताफ्याकडे) सोपवले की तो संदर्भ मागे राहतो. पायथनमध्ये असिंकआयओचा नवा टास्क संदर्भाची प्रत घेऊन जातो, पण थ्रेड पूल एक्झिक्युटर ती आपणहून नेत नाही. जावात एक्झिक्युटर संदर्भासकट गुंडाळावा लागतो. ते राहून गेले तर पूलमधला स्पॅन पोरका होतो: त्याला पॅरेंट नसतो आणि ट्रेस-आयडीही नवाच मिळतो. आता मघाची गाळणी आठवा. आपल्या ट्रेस-आयडीने यादी गाळली, तर हा पोरका स्पॅन गाळणीतच पडून जातो आणि टेस्ट पास होते! म्हणून धागा तपासणाऱ्या टेस्ट समांतर चालवू नयेत. त्या एकेक करून चालवाव्यात, यादी न गाळता घ्यावी, आणि पॅरेंट नसलेला स्पॅन संपूर्ण यादीत एकच आहे असे असर्ट लिहावे. एवढी एक टेस्ट लिहा. बाकीचे सगळे वगळावे लागले तरी ही वगळू नका.

रांगेतून जाणाऱ्या निरोपात आवक क्रमांक निरोपाच्या हेडरमध्ये घालावा लागतो आणि पलीकडे काढावा लागतो. घेणारी सेवा निरोप एकेक न उचलता शंभराच्या गठ्ठ्याने उचलत असेल, तर एका स्पॅनला शंभर पॅरेंट देता येत नाहीत. तिथे लिंक, म्हणजे दुसऱ्या स्पॅनकडे बोट दाखवणारी नोंद, वापरतात. लिंकची डीफॉल्ट मर्यादा एका स्पॅनला १२८ आहे. गठ्ठा ५०० चा असेल तर उरलेल्या ३७२ लिंक टाकून दिल्या जातात. किती टाकल्या तो आकडा स्पॅनवर राहतो, पण तो वाचणारा विरळा. टेस्टमध्ये गठ्ठा ५ चा असतो, म्हणून हे कधी दिसत नाही. एक टेस्ट १२९ निरोपांची लिहावी.

वैयक्तिक माहितीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण आपल्याकडे त्याकडे सर्वांत जास्त डोळेझाक होते. ट्रेस पुष्कळदा बाहेरच्या कंपनीच्या साठवणीत जातो आणि महिनोन्‌महिने राहतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि ट्रेसमधला मोबाइल क्रमांक हा डेटाबेसमधल्या मोबाइल क्रमांकाइतकाच वैयक्तिक आहे. तो तिथे पोचतो कसा? यूआरएलच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागातून. मूल्ये जोडून लिहिलेल्या एसक्यूएलमधून, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीमधून. ओपनटेलिमेट्रीचा जावा एजंट क्वेरीतली मूल्ये झाकतो, पण सगळ्या भाषांतल्या लायब्ररी तसे करतील असे धरू नये. सर्वांत बेमालूम वाट अपवादाच्या संदेशाची आहे: एकच मोबाइल क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवायला गेले की पोस्टग्रेस हा डेटाबेस आपल्या तक्रारीच्या तपशिलात तो क्रमांक छापतो, आणि अपवाद स्पॅनवर नोंदवताना तो संदेश जशाच्या तसा इव्हेंटमध्ये जातो. ॲट्रिब्यूट कितीही काटेकोर झाकले तरी ही खिडकी उघडी राहते.

हे तपासायचे दोन मार्ग. पहिला साचा जुळवण्याचा: पॅनसाठी पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, आधारसाठी २ ते ९ मधल्या अंकाने सुरू होणारे १२ अंक, मध्ये जागा असोत वा नसोत. साच्याच्या दोन्ही टोकांना ‘इथे आणखी अंक नाही’ अशी अट घालावी, नाहीतर मिलिसेकंदांत लिहिलेल्या १३ अंकी वेळेतही त्याला आधार दिसू लागेल. आधारचा शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. ती पडताळणी जोडली की भलत्या १२ अंकी आकड्यांचे खोटे इशारे दहाव्या हिश्श्यावर येतात. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा: टेस्टच्या इनपुटमध्येच खुणेचे नाव, खुणेचा पत्ता, खुणेचा ईमेल घाला, आणि शेवटी प्रत्येक स्पॅनचे नाव, ॲट्रिब्यूट, इव्हेंट, स्टेटसचा मजकूर आणि स्टॅकट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली त्याची यादी) यांत ती खूण शोधा. सापडली की फेल.

इथे मराठीची स्वतःची गोम आहे. खूण देवनागरीत असेल तर ती ट्रेसमध्ये देवनागरीतच दिसेल असे नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, यूआरएलसाठी एन्कोड झाले की ९ चिन्हांचे. ‘पुणे’ या शब्दात चार चिन्हे, म्हणजे टक्केवारीच्या खुणांची ३६ चिन्हांची माळ. जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीत तोच शब्द यू-क्रमांकांत लिहिला गेला तर २४ चिन्हांचा होतो. शोध तिन्ही रूपांत घ्यावा. त्यात ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप होतो, एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा, म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणाव्यात. शिवाय जुन्या कीबोर्डवरून आलेल्या मजकुरात अदृश्य जोडचिन्ह असते, ते एनएफसीने जात नाही, वेगळे काढावे लागते. ‘तऱ्हाळे’सारखे आडनाव खुणेसाठी घेतले की ही सगळी छिद्रे एका टेस्टमध्ये उघडी पडतात.

विनंतीबरोबर जादा माहिती नेणाऱ्या बॅगेज या हेडरचीही नोंद घ्यावी. सेवांतर्गत सोयीसाठी त्यात कुणी वापरकर्त्याचा आयडी घातला, तर तो बाहेर जाणाऱ्या प्रत्येक हाकेबरोबर जातो, पेमेंट गेटवेकडेही. नकली गेटवेला मिळालेली हेडर तपासा. बॅगेज असता कामा नये.

अनेक सेवा एकत्र उभ्या करून जी टेस्ट होते तिथे मेमरीतली यादी पुरत नाही. तिथे कलेक्टर उभा करून त्याला फाइल एक्स्पोर्टर लावावा. तो जेसनच्या ओळी लिहितो आणि त्या वाचून असर्ट करता येते. अडचणी चार. ट्रेस संपला असे सांगणारी खूण कुठेच नसते, म्हणून अपेक्षित शेवटचा स्पॅन, इथे एसएमएसचा, दिसेपर्यंत वाट पाहावी आणि कमाल मर्यादा ठेवावी. कलेक्टरमध्ये टेल सॅम्पलिंग (ट्रेस पाहून मग तो ठेवायचा की नाही ते ठरवणे) लावलेले असेल तर तो निर्णयासाठी डीफॉल्ट ३० सेकंद थांबतो. टेस्टच्या मांडणीतून ते काढून टाका. आणि वेळा नॅनोसेकंदांत, १९ अंकी, मजकूर म्हणून लिहिलेल्या असतात. जावास्क्रिप्टमध्ये त्या साध्या नंबरमध्ये आणल्या की शेवटचे अंक चुकतात, बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरावा. दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली नसतात, त्यामुळे मूल पॅरेंटच्या आधी जन्मलेले दिसले तर घाबरू नका.

‘लायब्ररी अपडेट केली की या टेस्ट मोडतात’ ही तक्रार खरी आहे. एचटीटीपी ॲट्रिब्यूटची नावे २०२३ मध्ये स्थिर झाली तेव्हा जुनी नावे बदलली, आणि ज्यांनी ती दोनशे टेस्टमध्ये विखरून लिहिली होती त्यांना दोनशे ठिकाणी हात घालावा लागला. लायब्ररीने आपोआप काढलेल्या स्पॅनची नावे-ॲट्रिब्यूट एकाच सहायक फंक्शनमध्ये ठेवावीत. कडक असर्ट लावायचे ते आपण स्वतः लिहिलेल्या स्पॅनवर: ‘पावती तयार’, ‘थकबाकी वाचली’ अशा कामाच्या पायऱ्यांवर. त्या बदलल्या तर टेस्ट मोडलीच पाहिजे.

सार्वजनिक सेवांच्या निविदांत ‘चाचणी अहवाल सादर करावा’ असे असते. त्यात एवढी भर घालता येईल: प्रत्येक नागरिकाभिमुख व्यवहाराच्या सर्व पायऱ्या एकाच ट्रेसमध्ये येतात, प्रत्येक पायरी मुद्दाम मोडल्यावर तिची चूक ट्रेसमध्ये उमटते आणि ट्रेसमध्ये नागरिकाची वैयक्तिक माहिती आढळत नाही, हे दाखवणाऱ्या स्वयंचलित टेस्ट कोडसह सुपूर्द कराव्यात. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठीही हे जमण्यासारखे आहे. दोन छोट्या सेवा, एक रांग, आणि पोरका स्पॅन शोधणारी एक टेस्ट. साध्या लॅपटॉपवर होते.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे ‘तांत्रिक अडचण’ असा खुलासा हाती आला, तर एवढे विचारावे: अडकलेल्या व्यवहारांपैकी एकाचा ट्रेस-आयडी काय, त्यातला शेवटचा नोंदलेला स्पॅन कोणता, आणि त्यानंतरच्या पायरीची टेस्ट कोणत्या तारखेला शेवटची चालली होती.

आपले,
सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करणारे काही वाचक,
बाणेर, पुणे